सुरी पाट्याची की स्टेनलेसची?

प्रश्न : नमस्कार, मी चोपडा तालुक्यातला. पणजोबांपासून घरात लोहारकाम, आजोबा बलुत्यावर औजारं करायचे, वडील आता केळीवाल्यांचे कोयते, विळे, खुरपी करतात आणि बाजाराच्या दिवशी विकतात. मला किचनच्या सुऱ्या करून ऑनलाइन विकायच्यात. ट्रकच्या पाट्याच्या (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या) काही सुऱ्या ओळखीत दिल्या तर लोक म्हणे काळ्या पडतात, गंज येतो. मित्र म्हणतो स्टेनलेसचा पत्रा आण. बाबा म्हणतात, "तुले जे करनं शे ते कर", आणि उठून जातात. काय करू?

उत्तर : भाऊ, पाटा सोडू नको. स्टेनलेस वाईट नाही, हॉटेलवाल्याला तेच बरं, पण ते तुमच्या भट्टीचं काम नाहीये. सुरीचं स्टेनलेस कडक करायला साधारण हजार डिग्रीच्या वर तापवावं लागतं आणि ती उष्णता काही वेळ एकसारखी धरून ठेवावी लागते, कोळशाच्या भट्टीत नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने ते जमणं अवघडच. मग लोक काय करतात, पत्रा कापला, ग्राइंडरला लावला, पॉलिश मारलं की झाली सुरी, दिसायला चकाचक आणि थोड्याच दिवसात टोमॅटोवरून घसरते. असला माल बाजारात ढिगाने पडलाय, त्यात तुझी अजून एक कशाला?

पाट्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, साध्या लोखंडी पट्टीत ०.२ च्या आसपास, म्हणून पट्टीला कितीही पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून झटक्यात थंड केलं, तरी ती कडक होत नाही आणि पाटा होतो. हे बाबांना आकडे न बघता माहितीये. फक्त त्यांचा हात कोयत्याचा आहे हे विसरू नको. कोयता केळीच्या दांड्यावर घालायचा असतो, त्याला जाडी आणि वजन पाहिजे, तीच जाडी सुरीला ठेवलीस तर कांदा चिरला जात नाही, फाटतो. सुरीची पाठ २ मिमीच्या आसपास ठेव आणि तिथून धारेपर्यंत पातळ करत आण. पाटा भंगारातला असेल तर आधी नीट बघून घे, वर्षानुवर्षं दणके खाल्लेल्या पाट्यात बारीक चिरा असतात, डोळ्याला सहज दिसत नाहीत आणि पाणी देताना सुरी तडकते.

पाणी द्यायचं म्हणशील तर सुरी पातळ असते, थंड पाण्यात बुडवली तर वाकते नाहीतर तडकते, त्यापेक्षा खायचं तेल थोडं कोमट करून वापर. भट्टी उन्हात नको, सावलीत ठेव, उन्हात लाल रंग कळतच नाही. जवळ एक लोहचुंबक ठेव, साधारण ७७० डिग्रीला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं, तिथून जरासं अजून तापव आणि तेलात घाल. मग कानस फिरवून बघ, कानस धरत नाही, नुसती घसरते, म्हणजे काम झालं. पण तशीच विकू नको रे, ती काचेसारखी ठिसूळ असते, साधारण २०० डिग्रीला तास-दोन तास परत शेकावी लागते, घरचा ओव्हन चालतो, पातं वाळल्या गवतासारखं फिकट पिवळं झालं पाहिजे. नंतर ग्राइंडरवर धार काढताना सारखी पाण्यात बुडवत रहा. धारेवर निळा रंग आला की तिथला कडकपणा गेला, बाहेरून सुरी तशीच दिसते आणि धार मात्र टिकत नाही, गिऱ्हाईक शिव्या आपल्याला घालतं.

राहिला गंज. तो येणारच, लपवू नको, सुरीसोबत चार ओळींची चिठ्ठीच टाक की वापरल्यावर लगेच धुवून पुसायची, सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही, जास्त दिवस ठेवायची असेल तर तेलाचं बोट फिरवायचं. ज्याला हे नको त्याने स्टेनलेसची घ्यावी, तो आपला गिऱ्हाईक नाहीच. आणि हो, केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आहेत, टूलकिटला १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज असं ते आहे, पण एका घरात एकालाच मिळतं, तेव्हा कोणाच्या नावावर घ्यायचं ते आधी बाबांशी बोल. उठून गेले तरी मागे जाऊन बोल.

प्रश्न : कोयते विकायला लायसन लागतं का? आमच्याकडे धुळ्याला कुणी म्हणतं लागतं, कुणी म्हणतं नाही.

उत्तर : शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामासाठी केलेली त्यातून वगळलीयेत. म्हणजे शेतीचा कोयता शेतीचा म्हणून विकताय तोवर ठीक. तोच हातात नाचवत रील टाकलं आणि पोलीस दारात आले तर शेतीचं औजार आहे हे पटवून देणं जड जाईल, त्यामुळे जाहिरातीत कोयता केळीच्या बागेतच दाखवा.

प्रश्न : भुसावळहून लिहितेय. आईची लोखंडी विळी कैरी चिरली की काळी पडते आणि फोडीही काळपट होतात. टाकून देऊ का?

उत्तर : टाकू नका हो ताई! आंबट लोखंडाला लागलं की काळं पडतंच, पातं खराब झालेलं नसतं. कैरी-लिंबाला दुसरी सुरी घ्या, बाकी सगळं विळीवर चिरा, लगेच पुसून ठेवा. धार गेली असेल तर दारावर ग्राइंडर घेऊन येणाऱ्याकडे देऊ नका, बाजारात बसणाऱ्या लोहाराकडून पाजवून घ्या.