डिकीतलं वाणसामान आणि सासूबाईंची कोथिंबीर

मावशी, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. संध्याकाळी मेट्रोपार्कला ट्रेनमधून उतरले की डे-केअर बंद व्हायच्या आत दोघांना उचलते. बुधवारी मुलीचा स्विमिंगचा क्लास असतो. वर्षभरापासून किराणा ऑनलाइन मागवते आणि क्लासला जाता जाता दुकानाच्या पार्किंगमधून पिकअप करते. सध्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. परवा कोथिंबिरीच्या जागी पार्सली आली आणि आलं आलं ते बोटभर. त्या म्हणाल्या, "भाजी न बघता घेतं का कुणी? आम्ही नोकरी आणि दोन पोरं सांभाळून मंडईत जायचो." नवरा हसून म्हणाला, "आता तर एका क्लिकवर सगळं येतं, तरी तू दमतेस कशी?" वर कपाटभर पिशव्या साठल्यात, त्यावरूनही बोलणं झालं. रात्री बाथरूमचा नळ सोडून रडले. मी खरंच आळशी झालेय का?
– पार्किंगमधली आई

अगं पार्किंगमधल्या आई,

आधी कोथिंबिरीचं बघू, कारण तिच्याबाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे. पार्सली आणि कोथिंबीर दुकानात बहुतेक शेजारीशेजारी असतात, दोन्ही हिरव्यागार, दोन्हींवर पाण्याचा फवारा मारलेला. आपण नाकाने ओळखतो. तुझी ऑर्डर भरणारा मुलगा स्क्रीनवर बघून एकाच वेळी चार-पाच घरांचं सामान गोळा करत असतो, त्याच्या घरी आयुष्यात कधी कोथिंबीर निवडली गेली नसेल. आल्याचंही तसंच. तू '१' लिहिलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे पंजाएवढा गड्डा होता, त्याने एक बोट मोडून पिशवीत टाकलं. माझ्या भाचीने सहा केळी म्हणून सहा पौंड मागवली होती. आठवडाभर त्या घरात शिकरण, मग केळ्याचा शिरा, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटप. तेव्हा नग की वजन, एवढं दर वेळी बघत जा. बदली वस्तू चालेल की नाही हेही एकेका वस्तूपुढे ठरवता येतं. दूध, ब्रेड, टिश्यू यांना चालेल म्हण. डायपरचा साइज आणि धाकटा खातो ते एकमेव दही, यांना अजिबात नको.

आणि ज्याला वास घ्यावा लागतो, दाबून किंवा मोडून बघावं लागतं, ते सगळं पिकअपमधून काढूनच टाक. कोथिंबीर, मेथी, भेंडी, आंबे. तुझ्या घरापासून तो भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड किती लांब आहे? शनिवारी सकाळी नवऱ्याने आईला तिथे घेऊन जायचं. भेंडीचं टोक मोडून बघितलं म्हणून दुकानदाराने डोळे वटारले तरी चालेल, मोडू देत. गंमत नाही करत मी. पुण्यात ज्या बाईला रोज चार पावलांवर भाजीवाली, वाणी, देऊळ होतं, तिला तू जिथे राहतेस तिथे साधा कढीपत्ता आणायलाही कुणाची तरी गाडी लागते. दिवसभर त्या खिडकीतून रस्ता बघत बसतात आणि संध्याकाळी पार्सली येते. चिडतील नाही तर काय!

पण मंडईच्या मुद्द्यावर मात्र मला बोलायचंय. मंडईत त्या जात असतील, नक्की जात असतील. डाळ-तांदळाचं काय? आमच्या ठाण्याच्या घरी आई एक तारखेला पाठकोऱ्या कागदावर यादी करायची: तूरडाळ दोन किलो, साखर चार, खोबरेल, रिन. ती यादी मी वाण्याकडे टाकून यायचे आणि संध्याकाळी दुकानातला पोऱ्या खांद्यावर पोतं घेऊन जिने चढायचा. गूळ कधी चिकट निघायचा, रव्यात कधी पोरकिडे. आई यादीच्या कागदावर टिचकी मारत परत पाठवायची. तिला कुणी आळशी म्हटलं नाही. वाण्याला यादी देणं हा तर संसार नीट चालल्याचा पुरावा होता. तुझ्या फोनमधली यादी म्हणजे तोच पाठकोरा कागद. फरक एवढाच की पोऱ्या जिना चढत नाही, तू त्याच्या दाराशी गाडी लावतेस.

आणि तू राहतेस त्या राज्यात गाडीत स्वतःच्या हाताने गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरायलासुद्धा १९४९ सालापासून कायद्याने बंदी आहे. सगळं न्यू जर्सी काच खाली करून बसून राहतं, दुसरं कुणीतरी येऊन टाकी भरतं. तुझा नवराही बसतो. तेव्हा त्याला कुणी विचारतं का, काय रे, हात मोडलेत का? दोन वर्षांचं झोपलेलं पोर कारसीटमधून सोडवायचं, पावसात गाड्यात बसवायचं, बिलाच्या रांगेत चॉकलेटपुढचा तमाशा सोसायचा आणि पुन्हा ते पट्टे लावायचे, यातून सुटका हवी वाटणं हा आळस नव्हे.

आता तो 'एका क्लिकवर'. हे वाक्य मला तुझ्या सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. क्लिकच्या आधी काय होतं ते त्याने पाहिलेलंच नाही. रविवारी रात्री साडेदहाला फ्रिजचं दार उघडं, तू अंडी मोजतेयस. तेल बुधवारपर्यंत पुरेल का? शुक्रवारी शाळेत खाऊ द्यायचाय, तो नट-फ्री हवा. संध्याकाळच्या वेळा भरून जायच्या आत स्लॉट पकडायचा. पिकअपने तुझे पाय वाचले गं, डोकं तिथेच अडकलेलं आहे. नळ सोडून रडलीस ती याच्यापायी, असं मला वाटतं.

म्हणून त्याच्याकडे मदत मागू नकोस. मदत मागितलीस की तो म्हणेल, "यादी पाठव, मी घेऊन येतो," आणि यादी तर तूच करत बसशील. बुधवारची अख्खी ऑर्डर त्याची. तेच अकाउंट त्याच्या फोनवर घाल. फ्रिज तो उघडेल, स्लॉट तो घेईल, आणायला तो जाईल, डबे तोच भरेल. "काय काय संपलंय?" असं विचारलं तर उत्तर एकच, "बघ ना उघडून." पहिला महिना घरात तीन केचप येतील आणि मीठ येणार नाही. येऊ देत. तू गुपचूप दुसरी ऑर्डर टाकलीस तर सगळं मुसळ केरात. हे तुला जड जाईल हेही मला माहीत आहे, नवऱ्याला तिखट-मीठ कळत नाही असं म्हणण्यात आपल्यालाही थोडं सुख असतंच.

एक गोष्ट मात्र लगेच बदला. पिकअप करून मग क्लासला जाता, म्हणजे दूध आणि चिकन तासभर डिकीत. एरवी फ्रिजबाहेर दोन तासांची मर्यादा सांगतात, पण ९० फॅरनहाइटच्या वर गेलं की एकच तास, आणि जुलैत बंद डिकी कुठल्या कुठे जाते. आधी क्लास, मग पिकअप. नाहीच जमलं तर डिकीत बर्फाची पेटी ठेवा.

राहता राहिल्या पिशव्या. मे २०२२ पासून तुमच्याकडच्या मोठ्या किराणा दुकानांना प्लास्टिकच काय, कागदी पिशवीही देता येत नाही. मग दर ऑर्डरबरोबर त्या जाड, टिकाऊ पिशव्या येतात आणि कपाटातून अंगावर कोसळतात. तू काय करणार त्याला? सासूबाई निघतील तेव्हा चांगल्या बघून वीस-पंचवीस त्यांच्या बॅगेत तळाला सपाट अंथर. अर्ध्या त्या आल्या आल्या इमारतीत वाटतील आणि उरलेल्यांतली एक खांद्याला लावून मंडईत भेंडी मोडायला जातील.

– मावशी