‘शिप कॅनॉल’ला ‘कालवा’ म्हणावे का?

इंग्लंडमधील ‘ग्लॉस्टर अँड शार्पनेस कॅनॉल’विषयी मराठीत लिहिताना ‘शिप कॅनॉल’साठी ‘कालवा’ हा शब्द चालेल का, आणि हा मार्ग सेव्हर्न नदीला ‘बायपास’ करतो हे मराठीत कसे सांगावे, अशी विचारणा झाली आहे.

‘कालवा’ नि:शंकपणे वापरावा. शंका येते ती आपल्या ओळखीच्या कालव्यांमुळे. मुठा उजवा कालवा किंवा नीरा डावा कालवा शेतापर्यंत पाणी पोचवतो, म्हणजे तेथे पाणी हाच माल असतो, तर जहाजांच्या कालव्यात पाणी जवळजवळ जागेवर असते आणि माल त्याच्यावरून जातो. तरीही सुएझ आणि पनामा यांना मराठीने केव्हाच ‘कालवा’ म्हटले आहे. ‘पाट’ फारच लहान, आणि ‘नहर’ म्हटले की आपल्याला मलिक अंबरने औरंगाबादेत आणलेले पाणी आठवते. फरक दाखवायचाच असेल तर ‘जहाजी कालवा’ म्हणावे. (खेडोपाडी ‘कालवा’ म्हणजे गलका, आणि कोकणात कालवे खडकावरून काढून खातात, पण संदर्भ असताना कोणाची फसगत होत नाही.)

‘बायपास’चा प्रश्न अधिक रंजक आहे. रस्त्यांसाठी रूढ असलेला ‘बाह्यवळण’ हा शब्द येथे उलटा पडतो, कारण येथे वळणे नदीची आहेत. ग्लॉस्टरखाली सेव्हर्न नागमोडी वाहते, वाळूचे दांडे जागा बदलतात आणि भरतीची उंची जगातील सर्वांत मोठ्या भरतींत गणली जाते. हे सारे टाळण्यासाठी १७९३ च्या कायद्याने कालव्याला परवानगी मिळाली. मूळ बेत बर्कली पिलपर्यंत खोदण्याचा होता (‘पिल’ म्हणजे तिथल्या बोलीत भरतीचे पाणी शिरणारी छोटी खाडी). पैसा संपल्याने काम वर्षानुवर्षे रखडले, पुढे टोक अलीकडे शार्पनेसला आणले गेले, आणि १८२७ मध्ये सुमारे २६ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. वाटेत सॉल येथे तो स्ट्राउडवॉटर कालव्याला छेदतो. लॉकचे (पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली नेणाऱ्या कप्प्याचे) दरवाजे केवळ दोन टोकांना आहेत. मधल्या टप्प्यात पाणी एकाच पातळीवर राहते आणि जहाजांसाठी पूल बाजूला फिरवले जातात. वळणे नदीची असल्याने ‘नदीला वळसा घालणारा’ असे लिहू नये. ‘नदीला बगल देणारा’ असे लिहावे. प्रश्नाला बगल देण्यात जी टाळाटाळ असते ती येथे दोष ठरत नाही, कारण नदी टाळणे हाच तर कालव्याचा हेतू होता.

प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिल्यास हा कालवा डाव्या हाताला पडतो, त्यामुळे आपल्या पाटबंधारे खात्याने त्याला ‘सेव्हर्न डावा कालवा’ असे नाव दिले असते. आज त्यातून मालवाहू जहाजे क्वचितच जातात. मात्र ब्रिस्टल शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच कालव्यातून उचलला जातो.