टेलला जाऊन ये, मग फॉर्म भर

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. जलसंपदेत एम.टेक. करू, जीआयएसचा कोर्स करू, की पायथन शिकून पाण्याचा नादच सोडू? यातलं काहीही कर, माझी हरकत नाही. फक्त एवढं सांग, चार वर्षं सिव्हिल शिकलीस, चारीच्या टेलला, म्हणजे पाणी शेवटी पोचतं त्या टोकाला, किती वेळा गेलीस? एकदाही नाही ना? मग तूर्त कशाचाच फॉर्म भरू नकोस.

चिडू नकोस. नोकरीला लागल्यावर मीही तीन वर्षं गेलो नव्हतो. वितरिकेचा, म्हणजे कालव्याच्या फाट्याचा, तक्ता ऑफिसात बसून केला. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात एन, म्हणजे तळाकाठाचा खडबडीतपणा, ०.०२५ धरला, मातीच्या कालव्याला पुस्तकात तसाच होता. कागदावर पाणी शेवटच्या शेतात पोचलं. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, संपल्यावर त्या शेताची एक आजी ऑफिसात आली. बसायला तयार नाही. म्हणाली, "साहेब, चला." चारीत कमरेएवढं गवत, मध्येच बाभळीचं झुडूप, तळाला नुसती ओल. तिनं गव्हाची ओंबी तळहातावर चोळून फुंकली. हातात चार दाणे राहिले, तेही चिमलेले. गवतानं एन दुप्पट झाला की त्याच खोलीला पाणी निम्मंच वाहतं, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते! म्हणून म्हणतो, टेलला जा.

सॉफ्टवेअरवर माझा राग नाही (सगळ्यांना तसं वाटतं). मॉडेल शीक, उपग्रहाची चित्रं वाचायला शीक. पण त्यात भरलेला आकडा कुणी, कुठे उभं राहून मोजला, ते तुला ठाऊक हवं. पाणी मोजायच्या ९० अंशांच्या व्ही-नॉचवर (फळीतल्या व्ही आकाराच्या खाचेवर) २० सेंटिमीटर पाणी चढलं तर सेकंदाला सुमारे २५ लिटर जातं. १० सेंटिमीटरला किती? साडेबारा म्हणशील. जेमतेम साडेचार! आता पट्टीवर शेवाळ धरलंय आणि पाटकऱ्यानं अंदाजे वाचलंय, असं समज आणि चूक काढ. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलं. मोजणार कोण? आणि मोजलेलं लोकांना पटवणार कोण? १९७२ च्या दुष्काळात पुरंदरला गेलेले विलासराव साळुंखे काही पाटबंधारे खात्यातले नव्हते. तरी माणशी अर्ध्या एकराचं पाणी आणि ऊस अजिबात नाही, हे त्यांनी पाणी पंचायतीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या व्यवस्थेत, लोकांच्या गळी उतरवलं. तुमच्या सिलॅबसमध्ये हे कितव्या युनिटला आहे?

मी हट्टानं फील्डवर राहिलो म्हणून बढती हुकली म्हणतात. हुकलीच. वर गेलो असतो तर दहा कालव्यांचं भलं करता आलं असतं, असं तुझी काकू म्हणते, आणि तिचं अगदीच चुकतं असंही नाही. पण त्या आजीनंतर न बघता सही करवेना. आता याला कुणी हेकटपणा म्हणो. असो, हे तुला कशाला सांगत बसलोय.

रविवारी रब्बीचं पाणी सुटतंय, टेलला यायला बुधवार उजाडेल. सकाळच्या एसटीनं ये. टेप आण, मोबाइलात स्टॉपवॉच आहेच. पाण्याचा वेग मोजायला दहा मीटर आखू, लिंबू सोडू, सेकंद धरू. वरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात धावतं, तेव्हा वरच्या वेगाला ०.८५ नं गुणायचं विसरू नकोस. लिंबं मी आणतो. आणि ते सँडल घालून येऊ नकोस.

तुझा,
काका