सुवाहक (वीज वाहून नेणारे पदार्थ) आणि दुर्वाहक (वीज वाहू न देणारे) पहिल्यांदाच शिकवताय?

ताई, चौथीचा वर्ग आहे ना, मग फळ्यावर व्याख्या लिहून सुरुवात करू नका. दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा बल्ब, तीन वायरी, बस्स. वायरींची टोकं नीट सोला. नवख्यांचे प्रयोग बहुतेक तिथंच फसतात.

वस्तू पोरांनाच आणू द्या: चमचा, खोडरबर, कोल्हापुरी चप्पल, हुपरीचं चांदीचं पैंजण. सेल-बल्बच्या जोडणीतली दोन मोकळी टोकं वस्तूला टेकवण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वदवून घ्या. पैंजणाला बल्ब लख्ख पेटतो, चपलेच्या चामड्याला नाही. शेवटी दोन्हीकडून टोक काढलेली आखूड पेन्सिल द्या. आतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, धातू नव्हे, तरी बल्ब मिणमिणतो! त्या क्षणी वर्गातले चेहरे बघाच.

हमखास होणाऱ्या चुका:
- रंग दिलेला खिळा घेतात, बल्ब पेटत नाही, आणि पोरं लोखंडालाच दुर्वाहक ठरवतात. आधी रंग खरवडा.
- सेलची दोन टोकं वायरीनं थेट जोडतात. वायर तापते, बोट भाजतं.

रोध (विजेच्या वाटेतला अडथळा), व्होल्टेजची गणितं यंदा नकोत. पण भिंतीतल्या प्लगात 230 व्होल्ट असतात, तिथं काहीही घालायचं नाही, हे पहिल्याच मिनिटाला बजावा. आणि नळाच्या पाण्यात बल्ब पेटला नाही म्हणून पाणी दुर्वाहक, असं वहीत कुणाला लिहू देऊ नका; त्यातूनही थोडी वीज जाते, म्हणूनच ओल्या हातानं घरचं बटण दाबलं तर शॉक बसू शकतो.