रिठा सगळ्यांच्या केसांना नाही

अगं, बेळगावच्या खडेबाजारातून शिकेकाई-रिठा आणण्याआधी स्वतःचे केस नीट बघ. दुसऱ्याच दिवशी मुळाशी तेलकट होत असतील तर रिठा चालेल, त्यातलं सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य, तेल काढतं. कोरड्या केसांना मात्र रिठा नकोच गं. नुसती शिकेकाई रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून लाव. पूड तशीच चोळलीस तर कण अडकतात, आणि डोळ्यांत गेली की फार झोंबते.

कुरळ्या केसांना माझ्या मते जवसासारखं काही नाही. पाण्यात उकळून बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळ, गार झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. पातळ केसांना जास्वंदीच्या पानांचा रस पुरे. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घे. खानापूरकडे पावसाळ्यात त्याला काय तोटा?