पहिला कमांडर डेक बांधताना

रविवारी फोंड्याला आमच्याबरोबर मॅजिक हा पत्त्यांचा खेळ, त्यातला कमांडर प्रकार, खेळायला येतोस म्हणालास, फार बरं वाटलं. डेक, म्हणजे तुझा पत्त्यांचा गठ्ठा, मात्र घाईने बांधू नकोस.

नियम थोडक्यात: कमांडर (डेकचा म्होरक्या पत्ता) धरून बरोबर १०० पत्ते, बेसिक लँड (मॅना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी शक्ती, देणारे साधे पत्ते) सोडले तर प्रत्येक पत्ता एकदाच, आणि रंग फक्त कमांडरचे. सुरुवात ४० लाइफने.

नवा माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो लँडमध्ये. मोठमोठे ड्रॅगन मावावेत म्हणून लँड ३० वर आणतो आणि मग तीन-चार टर्न नुसता हात धरून बसतो. तू ३७ ठेव. त्यावर मॅना वाढवणारे दहाएक पत्ते (सोल रिंग आलीच) आणि नवे पत्ते ओढून देणारे तेवढेच. पाहायला साधे, पण डेक चालतो यांच्याच जिवावर.

कमांडर तीन-चार मॅनाचा निवड. तो मेला की कमांड झोनमधून (कमांडर ठेवायची वेगळी जागा) पुन्हा आणताना दर खेपेला दोन मॅना जास्त लागतात. सात मॅनाचा असेल तर दुसऱ्यांदा येईपर्यंत खेळ संपतो. आणि समोर तिघे असतात, हे विसरू नकोस. एकेक प्राणी मारून पुरं पडत नाही, सगळं टेबल साफ करणारे तीन पत्ते तरी हवेत.

चकचकीत फॉइल पत्त्यांच्या मागे लागू नकोस, आपल्या पावसाळ्यात ते वाकतात. पत्त्यांना प्लास्टिकचे स्लीव्ह मात्र घालच.

ऐंशी पत्तेच जमले तरी ये. बाकीचे माझ्या डब्यातून काढू.