फेलोशिपचा फॉर्म भरण्याआधी

ठाणे

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

एम.सीएच. झालं, आता श्रोणीतल्या, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या भागातल्या, बळावलेल्या कर्करोगांच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप करायची आहे, आणि ऑपरेशनच्या रोबोटवर हात कुठे जास्त मिळेल, असं तू विचारलंस. रोबोटचं पुढे सांगते. त्याआधी एवढं बघ: ‘हिचं ऑपरेशन करायचं नाही’ हे तिथे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि ते ठरताना तुला समोर बसू देतील का? या फेलोशिपमध्ये याहून मोठं शिकण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

रेडिएशननंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग मध्यभागी परत येतो, किंवा गुदाशयाची गाठ मूत्राशयात शिरते. मग मूत्राशय, गर्भाशय, योनी, गुदाशय असं सगळं एकत्र काढायची वेळ येते. न्यूयॉर्कच्या ब्रुनश्विग या सर्जनने १९४८ साली अशा पहिल्या २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातले ५ ऑपरेशनमुळेच दगावले. मूत्रवाहिन्या तो मोठ्या आतड्यालाच जोडायचा, म्हणजे मल आणि लघवी एकाच वाटेने. १९५० मध्ये ब्रिकर या सर्जनने लहान आतड्याचा तुकडा घेऊन लघवीला वेगळी वाट काढून दिली. ती आपण आजही वापरतो. मृत्यू आता पुष्कळ कमी झालेत, पण हाल संपलेले नाहीत. रिकाम्या झालेल्या जागेत आतडी उतरतात, पू साठतो, खालची जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. हे सोसून खरा फायदा होतो तो गाठ सगळ्या कडा स्वच्छ राहून निघाली तर. कडेला रोग उरला, तर तिच्या हातात असलेले महिने आपण वॉर्डात घालवायला लावतो.

म्हणून एमआरआय स्वतः वाचायला शीक. नुसता रिपोर्ट नको. रेडिओलॉजिस्टच्या शेजारी खुर्ची ओढून बस. रेडिएशनने आलेला कठीणपणा आणि जिवंत रोग यांतला फरक भल्याभल्यांना चकवतो. आणि स्कॅन लावण्याआधी बाईला विचार: एक पाय सुजतो का? कुल्ल्यातून मांडीच्या मागे कळ जाते का? त्यात सोनोग्राफीत त्याच बाजूचं मूत्रपिंड फुगलेलं असेल, तर रोग बहुतेक श्रोणीच्या भिंतीत गेलेला असतो. आधीची पिढी इथेच थांबायची. आज काही केंद्रं बाजूची भिंत, अगदी त्रिकास्थीचा, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाचा, खालचा भागही काढतात. सिडनीचं रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालय त्यासाठी ओळखलं जातं. पण ते निवडक रुग्णांत, आणि ज्यांच्याकडे तेवढी पूर्ण टीम आहे त्यांनीच.

आता रोबोट. सुरुवातीच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा एलएसीसी हा अभ्यास २०१८ मध्ये आला. दुर्बिणीने किंवा रोबोटने रॅडिकल हिस्टरेक्टॉमी (आजूबाजूच्या भागासकट गर्भाशय काढणं) केलेल्यांपैकी ३ वर्षांनी ९१.२ टक्के रोगमुक्त होत्या, पोट उघडून केलेल्यांपैकी ९७.१ टक्के. तोवर छोट्या छेदाचं ऑपरेशन चांगलंच असणार, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. यंत्र जरूर शीक, पण त्याच्यासाठी युनिट निवडू नकोस.

स्टोमा क्लिनिकमध्ये मात्र भरपूर बस. स्टोमा म्हणजे मल किंवा लघवी बाहेर यायला पोटावर केलेलं तोंड, त्यावर बॅग लावावी लागते. आपल्याकडची बाई दोन बॅगा लावून दिव्याहून सकाळची लोकल पकडणार असते. कळव्याच्या चाळीत संडास सामायिक, पाण्याची वेळ ठरलेली. बॅग बदलणार कुठे? ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, तरी पुढे महिन्यामागून महिने बॅगा आणणार कोण? हे प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी काढायचे नसतात, संमतीच्या कागदाआधी काढायचे असतात. स्टोमाची खूण आदल्या दिवशी कर, तीही तिला बसवून, उभी करून, वाकायला सांगून, साडी नेसलेली असताना. परकराची नाडी येते तिथे स्टोमा आला तर बॅग टिकत नाही, आणि अशी बाई घराबाहेर पडायचं सोडून देते. नवऱ्याशी संबंधांचं काय, हे ती आपणहून विचारणार नाही. सासू बाहेर गेली की तूच विषय काढ, आणि सरळ मराठीत बोल.

टाटा मेमोरियल सेंटरचं खारघरचं ॲक्ट्रेक हार्बर लाइनवर आहे म्हणून आई तिथेच अर्ज कर म्हणते, असं तू लिहिलंस. टाटा मेमोरियल सेंटरचं काम मोठं आहे, अर्ज जरूर कर. पण घराजवळ आहे एवढ्यावर ठरवू नकोस, आणि परदेशी जागाही केवळ परदेशी आहे म्हणून नको. कुठेही गेलीस तरी तिथल्या आत्ताच्या फेलोला गाठ. युरोलॉजी आणि प्लास्टिकचे सर्जन त्याच टेबलावर येतात का, की फोनवर सल्ला देतात? रात्री रक्तस्राव झाला तर फेलोला बोलावतात का? ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळे तज्ज्ञ मिळून उपचार ठरवतात त्या बैठकीत, फेलोला बोलू देतात का? वर्षानंतर परत आलेल्या रुग्णांना कोण तपासतं? ज्यांना ऑपरेशन नाकारलं त्यांची नोंद ठेवतात का, आणि त्यांना वेदनाशमनासाठी कुठे पाठवतात? या शेवटच्या प्रश्नाला जिथे नीट उत्तर मिळेल, तिथे पगार कमी असला तरी जा.

ही उत्तरं लिहून रविवारी सकाळी घरी ये. शिफारसपत्र मी त्यानंतरच लिहीन, कारण कोणत्या युनिटला लिहायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मॅडम